भाव पाडणारे काका

काकांकडे गाडी एकच होती, पण आमच्या सोसायटीतल्या चौदा गाड्या त्यांनी घेतलेल्या होत्या. म्हणजे पैसे ज्याचे त्याचे, गाडी ज्याची त्याची; काकांची फक्त घासाघीस. मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन विंगांमध्ये कुणाच्या घरी नव्या गाडीचा विषय नुसता निघाला तरी तिसऱ्या मजल्यावर काकांना तो कसा कळायचा देव जाणे. संध्याकाळी ते दारात हजर. "बुकिंग केलं नाहीत ना? सही नाही ना दिलीत कुठे?" घरात कुणी पडलं-झडलं की विचारतात, अगदी त्या आवाजात.

मुलुंड सोडून गोरेगावला येऊन आम्हाला आता तीन वर्षं झाली. पण ऑफिसात कुणी नव्या गाडीचे पेढे वाटले की माझ्या तोंडून पहिल्यांदा 'अभिनंदन' निघत नाही, 'कितीला पडली?' हेच निघतं. ही काकांची देणगी.

चौतीस वर्षं ते भांडुपच्या एका औषध कंपनीत खरेदी खात्यात होते. औषधांशी त्यांचा काही संबंध नव्हता. बाटल्या, बुचं, पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी हे त्यांचं राज्य. एका खोकीवाल्याला दर खोक्यामागे पाच पैसे कमी करायला लावल्याची गोष्ट ते किल्ला सर केल्याच्या थाटात सांगायचे आणि दर वेळी खोकीवाला थोडा जास्त रडायचा. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, घेणारी आणि विकणारी. ते स्वतः जन्मजात घेणारे. विकणं म्हणजे त्यांना इतकं परकं की घरची रद्दीसुद्धा काकू विकायच्या. रद्दीवाला आला की हे आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

एक मात्र सांगायला हवं. भाजीवालीशी किंवा कोळणीशी त्यांनी कधी एका रुपयाची घासाघीस केली नाही. मी एकदा स्टेशनबाहेर कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालत होते, तर मागून येऊन त्यांनी माझा कान धरायचाच काय तो बाकी ठेवला. "भाव कुणाशी करायचा? ज्याच्या डोक्यावर एसी आहे त्याच्याशी. हिच्या डोक्यावर काय आहे बघ." तिच्या डोक्यावर निळं प्लॅस्टिक होतं. मी मुकाट्याने मागितले तेवढे पैसे दिले.

आमची गाडी घ्यायची ठरली तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवून शिकवणीच घेतली. जायचं ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कारण तेव्हा सेल्सवाल्यांचं टार्गेट अडलेलं असतं. दुपारी तीनला, कारण जेवून सुस्तावलेला माणूस लवकर 'हो' म्हणतो. शोरूमची कॉफी प्यायची नाही. "कॉफी प्यायलात की पाहुणे झालात. पाहुण्याने भाव करायचा नसतो." पाणीसुद्धा घरचं. त्यासाठी त्यांचा एक फिरकीचा तांब्या होता, तो ते शोरूमच्या काचेच्या टेबलावर मधोमध ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. बघायची, नाक मुरडायचं, पुढे जायचं.

एवढं सगळं पाठ करून आम्ही गेलो. आत पाऊल टाकलं, समोर ती निळी उभी होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अय्या, कित्ती गोड रंग आहे!"

काकांनी डोळे मिटून घेतले. "अकरा हजार," ते हळूच म्हणाले. "गेले."

पुढचा दीड तास मी तोंड उघडलं नाही. काका एरवी चपलाच घालायचे, पण त्या दिवशी त्यांनी लेसचे काळे बूट का घातलेत हे मला शेवटी कळलं. मॅनेजरने शेवटचा आकडा सांगितला तसे काका ताडकन उठले, "चला," म्हणाले आणि तांब्या उचलून निघाले. आम्ही मागोमाग. दाराशी पोचल्यावर ते खाली वाकले आणि लेस बांधायला लागले. सुटलेली नव्हतीच. आधी सोडली, मग बांधली. एक बूट झाला, दुसरा घेतला. दुसऱ्या बुटाची गाठ बसेपर्यंत मॅनेजर धावत आला. "त्याला विचार करायला वेळ द्यावा लागतो गं," परत आत जाताना काका माझ्या कानाशी म्हणाले. "आणि हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर आपण असायला नको का?"

आम्हाला बावीस हजार कमी झाले. शिवाय मॅट, मडफ्लॅप आणि एक छत्री. छत्री कशी मिळाली ते मला आजही माहीत नाही. पण पुढे वर्षभर ते कुणालाही माझी ओळख करून देताना "हिने तोंड उघडलं नसतं तर तेहतीस झाले असते" एवढं जोडायचेच.

आता काकू. काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या. एकसष्टाव्या वर्षी त्या भजनाला जाते असं सांगून गाडी चालवायला शिकल्या. एकवीस दिवसांचा क्लास, वर लाल 'एल'. नवघर रोडच्या सिग्नलला एकदा त्यांची क्लासची गाडी काकांच्या गाडीच्या अगदी डाव्या बाजूला येऊन थांबली. "दोन मिनिटं उभी होते गं मी ह्यांच्या शेजारी," काकू सांगायच्या. "धडधड व्हायला लागली, आता पकडली जाते म्हणून. शेवटी मीच हॉर्न दिला. तरी ह्यांनी मान वळवली नाही." आम्ही पोट धरून हसलो होतो. बायको गाडी चालवताना दिसली तरी काका ते मान्य करणार नाहीत, असं आम्ही म्हणालो.

काकूंना गाडी हवी होती ती बोरिवलीसाठी. त्यांची मोठी बहीण तिथे एकटी राहायची आणि कमरेच्या ऑपरेशननंतर घराबाहेर पडायची बंद झाली होती. मुलुंड आणि बोरिवली नकाशात शेजारी दिसतात, पण मध्ये अख्खं नॅशनल पार्क आडवं. जायचं तर पवईवरून नाहीतर ठाण्यावरून वळसा. आपल्या मनात येईल त्या दिवशी उठावं आणि बहिणीकडे जावं, एवढंच काकूंचं मागणं होतं. काका न्यायचे, नाही असं नाही. पण हल्ली त्यांची कारणं वाढत चालली होती. संध्याकाळी गर्दी असते. पवईला खोदून ठेवलंय. सोमवारी नको, शनिवारी तर नकोच. बरं, त्यांची गाडी मागावी तर "हिचा क्लच तुला झेपणार नाही." मग काकू म्हणाल्या, जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू आणि बिनगियरची नवी घेऊ, मी चालवीन.

काका लगेच "हो" म्हणाले. आणि मग दोन वर्षं आम्ही शोरूम बघत हिंडलो.

मुलुंड, भांडुप, ठाणे, मालाड. काकू मला हटकून न्यायच्या, "तू चल गं, साक्षीला." दर वेळी सौदा अगदी तोंडाशी यायचा आणि काका उठायचे. एकदा मॅटवरून. एकदा विम्याच्या सहाशे रुपयांवरून. एकदा सेल्समन "सर" न म्हणता "अंकल" म्हणाला म्हणून. काकूंचं लायसन्स फ्रीजवर चुंबकाने लावलेलं होतं, त्यावरचा फोटोही एव्हाना वैतागलेला दिसायला लागला होता.

मालाडच्या शोरूममधून असेच बाहेर पडत असताना माझं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. चपला! मग मी आठवत गेले. ठाण्याला चपला, भांडुपला चपला. दोन वर्षांत लेसचे बूट त्यांनी एकदाही घातले नव्हते. म्हणजे ह्यांना कुणी परत बोलवायलाच नको होतं. मी शेरलॉकगिरी केल्याच्या आनंदात काकूंना सांगायला गेले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी दिसलं. ताकाला जाऊन भांडं लपवतायत. पण भांडं कसलं, तेच कळत नाहीये."

त्याच सुमाराला काकांनी सोसायटीला लेखी तक्रार दिली की गेटचा डावा खांब आत सरकला आहे, तरी समितीने पाहणी करावी. सेक्रेटरी रविवारी सकाळी टेप घेऊन आले. अर्धी सोसायटी जमली. बांधकामाचा नकाशा आणला, माप घेतलं, खांब जिथल्या तिथे निघाला. काकांनी टेप हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "ही कितीला घेतलीत?" सगळे खो खो हसले. मीही हसले.

शेवटी एका सकाळी काकूंनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, "आज गाडी ठरली नाही, तर उद्या मी एकटी जाईन आणि छापील किमतीला घेऊन येईन."

"छापील?" काकांचा कप बशीवर वाजला.

"वर काही मागितले तर तेही देईन."

दुपारी तीनला आम्ही घाटकोपरला निघालो. जुनी गाडीही न्यायची होती, तिची किंमत करून घ्यायला. किल्ली काकांनी माझ्या हातात दिली. "तू चालव. मला विचार करायचाय."

घाटकोपरच्या शोरूममध्ये श्वेता म्हणून एक सेल्सची मुलगी होती. गोड बोलायची आणि काही म्हणता काही नाकारायची नाही. मॅट? देते सर. मडफ्लॅप? देते. हँडलिंग चार्जेस? काढून टाकते सर. काका एकेक कारण शोधत गेले आणि ती एकेक मान्य करत गेली. तासाभराने त्यांच्याकडे उठून जायला एकही कारण उरलं नाही. माणूस जिंकत असताना इतका केविलवाणा दिसलेला मी दुसरा पाहिलेला नाही. राहिली फक्त जुनी गाडी.

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारे तिथले गृहस्थ कुर्ल्याचे, पन्नाशीचे, हातात टॅब. गाडीला चार प्रदक्षिणा घालून, बॉनेट उघडून, खाली वाकून बघून ते आत आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "पंच्याऐंशी हजार देतो, काका."

काकांनी डोळे मिटले. मग उघडले. "जास्त आहेत."

"काय?"

"पंच्याऐंशी जास्त होतात. काहीतरी बोला."

गृहस्थांनी श्वेताकडे पाहिलं, श्वेताने माझ्याकडे. "काका, हे पैसे मी देणार आहे. तुम्हाला मिळणार आहेत."

"ते मला सांगू नका. चौदा वर्षांच्या गाडीला पंच्याऐंशी? कुणाला बनवताय?"

चौतीस वर्षांची सवय ती. आकडा कानावर पडला की त्याला खाली ओढायचा. आकडा कुठल्या बाजूने येतोय हे बघायची वेळ आयुष्यात त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"अहो!" काकू म्हणाल्या. पण काका आता ऐकण्यापलीकडे गेले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"बरं, मग ऐंशी?" गृहस्थ चाचरत म्हणाले.

"ऐंशी म्हणाल तर मी उठतो."

"पंचाहत्तर! च्यायला, असं कोण करतं यार?" गृहस्थांनी कपाळाला हात लावला. "वीस वर्षं झाली मला ह्या लाइनमध्ये!"

"डावी बाजू नीट बघितलीत का? बघितली असतीत तर पंचाहत्तर म्हणाला नसतात." आणि काकांनी पिशवीतून एक लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. गाडी घेतल्या दिवसापासूनची प्रत्येक गोष्ट त्यात लिहिलेली होती. हवा, पंक्चर, ओरखडे, सगळं तारीखवार. ह्या रजिस्टराची आम्हाला कल्पनाच नव्हती. काका शेवटची पानं काढून खड्या आवाजात वाचायला लागले.

"मागचा डावा दरवाजा, गेटचा खांब. डावा आरसा, टेम्पो. पुढचा बंपर, डावा कोपरा, दूध केंद्राचा कठडा. डावा आरसा, पुन्हा. डावा दरवाजा, खांब. डावं मडगार्ड, खांब. ह्याचे किती कमी करता बोला!"

गृहस्थ बिचारे साधे होते. त्यांनी टॅबवर बघितलं आणि सहज विचारलं, "पण सर, सगळं डावीकडचंच कसं? उजवीकडे तर चौदा वर्षांत एक ओरखडा नाहीये तुमचा."

काकांचं बोट त्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं. श्वेताने पेन खाली ठेवलं.

"त्या बाजूचं मला दिसत नाही," काका म्हणाले.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"रजिस्टरात तारीख आहे."

मला हसू फुटलं, तोच मला गेटचा खांब आठवला. त्या खांबाला टेप लावताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, वर हसरे चेहरे लावून. मला माझी इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या गाडीकडे बघत बसले.

काकूंनी रजिस्टर ओढून घेतलं, पानं मागे मागे उलटली. "सव्वादोन वर्षं? डॉक्टरकडे गेला होतात?"

"नाही."

"का?"

"डॉक्टर काय तो एकदाच सांगतो. त्याच्याशी घासाघीस होत नाही."

"मला सांगायचंत."

"तू गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग तुला बोरिवलीला कुणी नेलं असतं?"

"मी!" काकूंचा आवाज चढला. अख्खी शोरूम बघायला लागली. "मी नेलं असतं मला! लायसन्स काय फ्रीज थंड राहावा म्हणून लावलंय?" आणि मग त्या रडायला लागल्या. गणिताच्या बाई, कधी कुणासमोर डोळे न पुसणाऱ्या. काकांनी फिरकीच्या तांब्याचं झाकण फिरवून त्यांना पाणी दिलं.

गृहस्थ खुर्चीत चुळबुळत होते. "काका, मी पंच्याऐंशीच लिहितो. चालेल ना?"

"पंचाहत्तरला आलो होतो आपण," काका क्षीणपणे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पंच्याऐंशीचा आकडा दोनदा तपासला आणि सही केली. श्वेताने कॉफी मागवली. काका ती प्यायले. साखर कमी आहे एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नव्हतं, उजवा मात्र थेंबांवर टिकणार होता. काकांनी विचारलं म्हणे, "गेल्यातलं थोडं?" डॉक्टर नाही म्हणाले. काका उठले नाहीत, तिथेच बसून राहिले, असं काकूंनी मला सांगितलं.

नवी गाडी आल्यावरच्या पहिल्या बुधवारी आम्ही बोरिवलीला निघालो. काकू चालवत होत्या. मी मागे, मांडीवर बहिणीसाठी केलेल्या सांज्याचा डबा घेऊन. काका डाव्या सीटवर. ज्या जागी आयुष्यभर बायकोला बसवलं, तिथे आता त्यांना स्वतःला बसावं लागलं होतं. हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळत नव्हतं. क्लच नाही, गियर नाही, चूक काढायची तरी कशात? हायवेवर काकू चाळीसच्या वर जात नव्हत्या आणि मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न देत होता.

पवईच्या पुढे डावीकडच्या लेनमध्ये घ्यायचं होतं. बाजूने बस, टेम्पो, रिक्षा, सगळंच चाललेलं. काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोर बघत विचारलं, "अहो, डावीकडे मोकळं आहे का?"

शेजारी बसलेल्या माणसाला कुणीही विचारेल तसंच त्यांनी विचारलं. आणि मग काय विचारलं ते त्यांना कळलं. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मी "आहे, काकू" म्हणणार, तेवढ्यात काकांनी हात वर करून मला थांबवलं.

त्यांनी पट्टा सैल केला. खांदे वळवले, मग कंबर, मग गुडघे, आणि ते अख्खेच्या अख्खे डावीकडे फिरले. काचेला नाक लावून त्यांनी उजव्या डोळ्याने रस्ता नीट बघून घेतला.

"टेम्पो आहे. जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "हं. आता घे."

काकूंनी घेतली. त्यानंतर काका सरळ बसलेच नाहीत. बोरिवली येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसून होते. आणि काकू प्रत्येक वळणाला त्यांना विचारत होत्या. आरशात सगळं स्वच्छ दिसत होतं, मला मागूनसुद्धा दिसत होतं, तरी त्या विचारत होत्या.